घरी कोणती भाषा बोलता?

लेकीला कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत घालताना एक फॉर्म हातात पडला. चार प्रश्न. मूल आधी कोणती भाषा बोलायला शिकलं, घरी जास्त कोणती बोलतं, आईबाप त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, घरातली मोठी माणसं कोणती बोलतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ला तयारच होता: "सगळीकडे इंग्लिश लिही. नाहीतर आधी टेस्ट, आणि पोरगी त्यात कमी पडली की दरवर्षी टेस्ट." सल्ला अगदीच खोटा नव्हता. फॉर्म घरी आणला आणि वाचत बसले.

हे प्रश्न एका खटल्याच्या पोटातून आलेत. १९७०च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न येणारी चिनी वंशाची २,८५६ मुलं होती. साधारण १,००० मुलांना जादा इंग्रजी शिकवलं जायचं. उरलेली १,८०० वर्गात नुसती बसून असायची. किनी लाउ या मुलाच्या नावाने पालक कोर्टात गेले आणि खालच्या दोन्ही कोर्टांत हरले. पुस्तक तेच, शिक्षक तेच, मग अन्याय कसला? सुप्रीम कोर्टाने २१ जानेवारी १९७४ रोजी हा युक्तिवाद मोडीत काढला. जे शिकवलं जातंय ते कळतच नसेल, तर सारखं पुस्तक म्हणजे समान वागणूक नव्हे. आधार होता १९६४चा नागरी हक्क कायदा. त्या मुलांना शिकवायचं कसं, हे मात्र कोर्टाने सांगितलं नाही.

निकाल एकमताचा, पण न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी वेगळी पुस्ती जोडली: इथे मुलांची संख्या महत्त्वाची आहे, एखाददुसरंच मूल असतं तर हा निकाल निर्णायक मानला नसता.

इथे मी अडकले. लेकीच्या वर्गात मराठी बोलणारी ती एकटीच असणार होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी संसदेने समान शैक्षणिक संधीचा कायदा केला. भाषेची अडचण दूर करायला योग्य पावलं न उचलणं म्हणजे संधी नाकारणं, असं त्यात आहे. आणि तिथे शब्द 'व्यक्ती' असा आहे, एकवचनी. पुढच्या वर्षीच्या सरकारी सूचनांत, मुलाची घरची भाषा आधी शोधा, असं आलं. १९८१ साली टेक्ससच्या एका खटल्यात तीन कसोट्या ठरल्या: शिकवण्याची पद्धत शास्त्राला धरून आहे का, ती खरंच राबवली जाते का, आणि मुलांना तिचा फायदा होतो का.

मी चारही ठिकाणी मराठी लिहिलं. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं.