फी आणि भाकरी

विद्यार्थ्याच्या गरिबीविषयी बोलणे निघाले की मंडळी प्रथम फीचा विषय काढतात. आम्ही कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या चाळींत गेले. परंतु मुलाला कॉलेजात धाडताना कामगार कोणता हिशेब मांडतो, तो आम्हांस पाठ आहे. त्यात आधी खानावळ येते, मग राहण्याची जागा. आणि सर्वांत जड रक्कम म्हणजे मुलगा कामाला लागता तर घरात आला असता तो पगार. फी या सर्वांच्या मागून येते.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे ओळखले होते. खेड्यातला पोर राजाराम कॉलेजात यायचा, तर शहरात त्याला जेवू कोण घालणार? म्हणून १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी करविली. भाऊराव पाटील त्याच कोल्हापुरात शिकले. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग चालू केले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. देणगीदारांच्या याद्या पुष्कळ छापल्या जातात. आमच्या मते पहिले नाव या बाईंचे.

१९४७ साली साताऱ्यास शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही बोर्डिंगातली रीत कॉलेजात आली. त्याआधी एक वर्ष मुंबईत बाबासाहेबांच्या सिद्धार्थ कॉलेजाने सकाळचे वर्ग भरविले. कचेरीतला कारकून सकाळी शिके आणि मग कामावर जाई. बुडणाऱ्या पगाराचा प्रश्न असा सुटला.

सरकारने मात्र फीच धरली. १९५९-६० च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने, बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, अल्प उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफ केली. वर्षाला १२०० रुपयांची ती मर्यादा खेड्यापाड्यांत तोंडपाठ झाली. हजारो घरांतला पहिला पदवीधर त्या सवलतीवर झाला, हे मान्यच केले पाहिजे. २०२४ साली आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या पात्र घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली. हेही चांगलेच झाले. पण पुण्यात राहणाऱ्या मुलीच्या खोलीचे भाडे आणि मेसचे बिल त्याने कमी होत नाही. निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत; त्यांची रक्कम किती, आणि ती कोणत्या महिन्यात हाती पडते, हे आम्ही संघटनेच्या सवयीने विचारतो. खानावळवाला दर महिन्याला मागतो.