तगराची दहा दिवसांची वाट

पाथर्डीहून पैठण ईशान्येस, सरळ रेषेनें सुमारें २५ मैल आहे. मढीच्या कानिफनाथांस पैठणाहून गोदेच्या पाण्याची कावड आणणारे भाविक या बाजूची वाट पायीं तुडवितात. अशी वाट मैलांनीं मोजण्याची संवय आपणांस अलीकडची. पूर्वीं ती मजलांनीं, म्हणजे दिवसांनीं मोजीत. विमान सरळ रेषेनें जातें, म्हणून त्याचें अंतर व वेळ हीं बहुतेक एकमेकांस धरून असतात. लादलेल्या गाडीचें तसें नसतें. तरीहि दिवसांचें जुनें माप किती उपयोगी पडतें, हें तगर नगराच्या स्थलनिर्णयावरून दिसतें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोचाच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असें सांगितलें आहे. पैठणाहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तगराहून जाडेंभरडें कापड व मलमल, हा माल गाड्यांनीं बिकट प्रदेशांतून भडोचास जाई. पुढें शिलाहार राजे आपणांस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तें तगर कोणतें?

विल्फर्डनें देवगिरि सुचविलें, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नर, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूर. १९०१ मध्यें डॉ. फ्लीट यांनीं धाराशिव जिल्ह्यांतील तेर हेंच तगर होय, असें प्रतिपादन केलें.

आतां ग्रंथकाराचेंच माप लावून पाहूं. भडोच ते पैठण सरळ रेषेनें सुमारें २२० मैल; वीस दिवसांस वांटतां रोज ११ मैल पडतात. पैठण ते तेर सुमारें ९५ मैल. दहा दिवसांस वांटतां रोज साडेनऊ मैल. प्रत्यक्ष वाट वळणांची असल्यामुळें चाल याहून कांहीं अधिक धरावी. बैलगाडीस ती शोभते. धारूर सुमारें ६५ मैलांवर, म्हणजे दिवसास साडेसहा मैलच पडतात. देवगिरि तर पैठणाच्या उत्तरेस ३३ मैलांवर आहे. जुन्नरचें अंतर जुळतें, परंतु तें पश्चिमेस आहे.

तेर पूर्वेस नसून आग्नेयेस, किंबहुना दक्षिणेकडे अधिक झुकलेलें आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु पैठणहि भडोचाच्या दक्षिणेस नसून नेमकें आग्नेयेस आहे. म्हणजे ग्रंथकाराच्या दिशा ढोबळ आहेत. दिवस मात्र गाडीवानांच्या अनुभवाचे असावेत. दिशेंत इतकी चूक संभवते, पूर्वेची पश्चिम होणें संभवत नाहीं. तेर येथें कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या सातवाहनकालीन वस्तूंचें संग्रहालय आहे. त्यानेंहि या निर्णयास बळकटी येते.

यावरून संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. जुन्या रुमालांत मुक्कामांच्या व मजलांच्या याद्या सांपडतात. त्यांत राजकारण नाहीं म्हणून त्या रद्दींत टाकूं नयेत. तगराचा पत्ता अशाच एका ओळीनें राखून ठेवला होता.