सहा गॅलनांचा हिशेब

नोव्हेंबर 1937 मध्ये अमेरिकेचे कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी संसदेला एक अहवाल सादर केला. अन्न व औषध प्रशासन त्या काळी कृषी खात्याखाली होते, म्हणून हे काम त्यांच्याकडे आले. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या मॅसेंगिल कंपनीने ‘एलिक्झिर सल्फॅनिलामाइड’ नावाचे पातळ औषध बाजारात आणले होते आणि ते घेऊन माणसे मेली होती. सरकारी नोंदीनुसार कंपनीने 240 गॅलन औषध तयार केले. त्यापैकी 234 गॅलन आणि एक पिंट परत हाती आले. उरलेले सहा गॅलनांहूनही थोडे कमी, म्हणजे सुमारे 22 लिटर. माणसे मेली ती एवढ्यानेच.

किती मेली, याचा आकडा कागदागणिक बदलतो. वॉलेस यांच्या अहवालात 73 मृत्यू थेट या औषधाने झाल्याचे म्हटले आहे, आणखी 20 संशयित धरले आहेत. पुढे रुग्णागणिक नोंदी जुळवल्या गेल्या तेव्हा औषध घेतलेले 353 जण सापडले आणि त्यांतले 105 दगावले होते. मृतांत 34 लहान मुले होती. पहिला आकडा शोधमोहीम चालू असतानाचा आहे, दुसरा सावकाश पडताळलेला. मी दुसरा प्रमाण मानतो.

सल्फॅनिलामाइड हे औषध वाईट नव्हते. घशाच्या आणि इतर जंतुसंसर्गांवर त्याने तेव्हा चमत्कार वाटावा असा गुण दिला होता. पण ते गोळी आणि पूड या रूपांतच मिळे, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत पातळ औषधाला मागणी आहे असे कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याने कळवले. मुख्य रसायनज्ञ हॅरोल्ड वॉटकिन्स यांनी ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. सुमारे 72 टक्के भाग हेच द्रावक होते. रासबेरीचा स्वाद घातला. चव, रंग, वास तपासले आणि सप्टेंबरमध्ये बाटल्या देशभर रवाना झाल्या. विषारीपणाची चाचणी एकाही प्राण्यावर झाली नाही, कारण कायद्यात तशी अटच नव्हती.

त्याच वर्षी, एलिक्झिरच्या काही महिने आधी, औषधशास्त्राच्या एका अमेरिकन नियतकालिकात हाग आणि ॲम्ब्रोस यांचा निबंध छापून आला होता. विषय होता डायएथिलीन ग्लायकॉलचा शरीरावर होणारा परिणाम. हे द्रव्य मूत्रपिंडे निकामी करते, हे त्यांनी उंदरांवर दाखवले होते. तेव्हा ‘कुणालाच माहीत नव्हते’ ही सबब टिकत नाही. माहिती छापलेली होती, ग्रंथालयात होती. औषध बनवणाऱ्याने ती शोधली पाहिजे असा दंडक नव्हता, आणि अशी माहिती हाताळणे हाच ज्याचा पेशा आहे असा माणूस कारखान्यात नव्हता. विषशास्त्राचा इतिहास सांगताना या निबंधाचा उल्लेख बहुधा तळटीपेत होतो. माझ्या मते तो मजकुरात यायला हवा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओक्लाहोमातल्या टल्सा गावच्या डॉक्टरांनी शिकागोला, अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे, मृत्यूंची खबर दिली. रुग्णांची लघवी बंद होत होती, पोटात कळा येत होत्या, आणि अनेक दिवसांच्या यातनांनंतर ते जात होते. प्रशासनाला खबर लागली 14 ऑक्टोबरला. कंपनीने तोवर विक्रेत्यांना तारा पाठवल्या होत्या, पण त्यांत माल परत करा एवढेच होते. का, ते लिहिले नव्हते. जिवाला धोका आहे, असे स्पष्ट सांगणारी दुसरी तार सरकारने धाडायला लावली.

त्यानंतरची शोधमोहीम निरीक्षकांच्या हकिगतींतून कळते. 239 निरीक्षक आणि रसायनज्ञ, म्हणजे प्रशासनाचे जवळपास सगळे फिरते मनुष्यबळ, बाटल्यांमागे लागले. एका वितरकाकडे 20,000 पावत्या एकेक करून चाळाव्या लागल्या. एका बाईने आपण औषध फेकून दिल्याचे सांगितले. निरीक्षकाने खोदून विचारल्यावर बाटली खिडकीतून गल्लीत फेकल्याचे कळले. तिथे ती न फुटता पडून होती, लेबल शाबूत होते, आणि कुणा पोराने उचलून प्यायले तर जीव जाईल एवढे औषध आत शिल्लक होते. तीन वर्षांच्या एका मुलाला हे औषध लिहून दिले गेले होते, आणि त्याचे कुटुंब डोंगराळ भागात राहायला निघून गेले होते. त्याला शोधायला मदत म्हणून एका डॉक्टरने स्वतःचे लग्न पुढे ढकलले. या मोहिमेत साधने पावती, पत्ता आणि पायपीट एवढीच होती. रसायनशास्त्राचा भाग फार थोडा होता.

कायद्याची अवस्था खटल्यात उघडी पडली. 1906 च्या कायद्यात घातक औषध विकणे हा गुन्हाच नव्हता. सरकारला हातात धरता आले ते एक लेबल. ‘एलिक्झिर’ म्हटले की त्यात अल्कोहोल असल्याचे मानले जाई, आणि यात ते नव्हते. कंपनीला सुमारे 26,000 डॉलर दंड झाला तो या खोट्या नावाबद्दल. बाटलीवर ‘द्रावण’ असे लिहिले असते तर माल जप्त करण्याचा अधिकारही सरकारकडे नव्हता. नव्या कायद्याचे विधेयक 1933 पासून रेंगाळत होते, ते 25 जून 1938 रोजी कायदा झाले. त्यानंतर नवे औषध विकण्याआधी त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा देणे बंधनकारक ठरले.

पुरावा म्हटला की तो तयार करणारी माणसे लागतात. शिकागो विद्यापीठात यूजीन गाइलिंग यांनी उंदीर, ससे आणि कुत्रे यांना सल्फॅनिलामाइड वेगळे, द्रावक वेगळे आणि एलिक्झिर वेगळे दिले आणि दोष द्रावकाचा आहे हे सिद्ध केले. आज ही मांडणी शाळकरी वाटेल इतकी सरळ आहे. हे प्रयोग चालू होते तेव्हा त्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस ओल्डहॅम नावाची विद्यार्थिनी काम करत होती. लग्नानंतरचे तिचे आडनाव केल्सी. 1960 मध्ये प्रशासनात रुजू झाल्यावर थॅलिडोमाइड या औषधाला परवानगी नाकारणाऱ्या केल्सीबाई त्या याच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोतच रासायनिक अस्त्रांसाठी विषशास्त्राची खास प्रयोगशाळा निघाली. रोचेस्टर विद्यापीठात हॅरोल्ड हॉज अणुबॉम्ब प्रकल्पासाठी युरेनियमच्या विषारीपणाचा अभ्यास करत होते. तिथे रुग्णांना युरेनियम टोचल्याचे कागदही आता सर्वांसमोर आहेत, आणि या शास्त्राच्या वंशावळीतून ते पान गाळण्याचा अधिकार कुणाला नाही. शांततेच्या काळात प्रशासनातल्या अर्नोल्ड लेहमन यांनी फिट्झह्यू यांच्याबरोबर 1954 मध्ये एक हिशेब मांडला: प्राण्यांत निरुपद्रवी ठरलेल्या मात्रेला 100 ने भागावे आणि माणसासाठी तेवढीच मर्यादा धरावी. दहापट अंतर प्राणी आणि माणूस यांच्यातले, दहापट माणसामाणसांतले. आजही अन्नातल्या रसायनांच्या मर्यादा ठरवताना हा भागाकार वापरला जातो.

4 मार्च 1961 रोजी वॉशिंग्टनमध्ये ‘सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजी’ स्थापन झाली. संस्थापक नऊ. हॉज पहिले अध्यक्ष झाले. लेहमन होते, शिकागोच्या युद्धकालीन प्रयोगशाळेतले केनेथ ड्युबॉइस होते, आणि व्हर्जिनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातले पॉल लार्सन होते, म्हणजे 1937 चा तो निबंध लिहिणाऱ्या हाग यांचे सहकारी. औषध कंपनीत काम करणारा शास्त्रज्ञही संस्थापकांत होता. ही गोष्ट लहान नाही. औषधशास्त्रज्ञांच्या जुन्या अमेरिकन संस्थेने कंपन्यांच्या नोकरीतल्या शास्त्रज्ञांना 1941 पर्यंत दारातच रोखले होते. नव्या संस्थेने ते दार पहिल्या दिवसापासून उघडे ठेवले. मला यात शहाणपण दिसते, कारण चाचण्यांचे कागद कंपन्यांच्याच कपाटांत असतात. जोखीमही दिसते, कारण पगार देणाऱ्याविरुद्ध निष्कर्ष लिहिणे कुठल्याही काळात सोपे नसते.

डायएथिलीन ग्लायकॉल मात्र थांबले नाही. 1986 च्या सुरुवातीला मुंबईत जे. जे. रुग्णालयात मेंदूतला आणि डोळ्यांतला दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन पाजले जात होते. त्यात हेच द्रव्य मिसळलेले निघाले. तीच बंद पडणारी मूत्रपिंडे, आणि 14 मृत्यू. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची एकेक पायरी तपासली आणि रुग्णालय, राज्याचे अन्न व औषध प्रशासन, मंत्रालय यांपैकी कुणालाही मोकळे सोडले नाही. शल्यचिकित्सक सुनील पंड्या यांनी 1988 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही हकिगत जगापुढे ठेवली. मुंबईत हे मृत्यू झाले तेव्हा हाग आणि ॲम्ब्रोस यांचा निबंध 49 वर्षांचा होता. ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल वेगळे ओळखण्याच्या पद्धती प्रयोगशाळांत उपलब्ध होत्या, आणि औषध रुग्णाच्या हाती जाण्याआधी ते तपासण्याची जबाबदारी कायद्याने राज्याच्या प्रशासनावरच टाकलेली होती.