घाटातली भूक

1661 साली कारतलबखान कुरवंड्याच्या घाटानं उतरला, उंबरखिंडीत अडकला. पुस्तकात एवढंच. वेशीवर राबणाऱ्या महाराचं बलुतं किती, ते नाही.

1915 साली लोणावळ्याच्या तळ्यांच्या पाण्यावर खोपोलीत वीज झाली, मुंबईच्या गिरण्या फिरल्या. 1921 साली मुळशीचे मावळे भातखाचरांसाठी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. पण ज्याच्या नावावर खाचरच नाही, त्या मजुराच्या भाताचं काय?

1958 च्या कायद्यानं वतन गेलं. 1972 च्या दुष्काळात आपल्या माणसांनी खडी फोडली, मिलो आणि सुकडी खाल्ली. त्या घामातून 1977 चा रोजगार हमी कायदा आला.

2013 पासून डोई 5 किलो धान्य कायद्यानं हक्काचं. बलुतं मर्जीवर होतं. रेशन मर्जीवर नाही, हे दुकानदाराला ठणकावून सांगा.