घरची बोली आणि शाळेचा उंबरठा

पहिलीत नव्यानं आलेलं एखादं मूल आठवा. अंगणात त्याची अखंड बडबड चाललेली असते, पण वर्गात बसलं की तोंडाला कुलूप! घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी, एवढीच त्याची अडचण. हीच अडचण एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. ती हकिकत ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को आहे. तिथली काउंटी म्हणजे ढोबळ मानानं आपला जिल्हा. १८५६ पासून इथं शहर आणि काउंटी यांचा कारभार एकच. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि दक्षिण चीनमधून माणसं येऊ लागली. १८८२ साली कायद्यानं चिनी मजुरांना दार बंद केलं. १९४३ साली ते किलकिलं झालं आणि १९६५ च्या कायद्यानंतर चांगलंच उघडलं. नवी कुटुंबं आली. त्यांच्या घरी कँटनीज, शाळेत मात्र इंग्रजी.

चिनी वंशाच्या सुमारे २,८०० मुलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांपैकी हजारेक मुलांना इंग्रजीचे जादा धडे मिळत. उरलेल्या १,८०० मुलांच्या वाट्याला काहीच नव्हतं. त्यांच्या वतीनं दावा लावला गेला. शाळाखात्याचं म्हणणं असं, की आम्ही सर्वांना सारखंच शिकवतो. खालच्या न्यायालयांना ते पटलं. पण २१ जानेवारी १९७४ रोजी 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं उलट निकाल दिला. सर्वांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समानता झाली असं नव्हे. ज्याला भाषाच कळत नाही, त्याला त्या शिक्षणाचा उपयोग काय? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन न्यायालयानं हे सांगितलं.

आता मदत कुणाला हवी, हे कळायचं कसं? विचारूनच ना! १९८० च्या जनगणनेत तीन साधे प्रश्न आले: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का? कोणती? आणि इंग्रजी कितपत बोलता – फार चांगली, चांगली, फारशी नाही, की मुळीच नाही? हे प्रश्न तिथं आजही निवडक घरांना दरवर्षी विचारले जातात. एखाद्या काउंटीत इंग्रजी पुरेशी न येणारे एका भाषागटाचे मतदार-वयाचे नागरिक दहा हजारांवर किंवा शेकडा पाचांवर गेले आणि कायद्यातली साक्षरतेची अट पुरी झाली, तर मतपत्रिकाही त्या भाषेत द्यावी लागते. म्हणजे घरातल्या बोलण्याची नोंद थेट हक्कापर्यंत पोचते, बरं का!

गुरुजी, बाई, आपल्याकडेही नंदुरबारचं मूल घरी भिली बोलतं, मेळघाटचं कोरकू, गडचिरोलीचं गोंडी किंवा माडिया. हजेरीपटावर नाव लिहून घेताना एक प्रश्न जास्तीचा विचारा: "बाळ, घरी काय बोलता रे?" त्या उत्तरातून पहिला धडा कुठून सुरू करायचा, ते तुम्हांला कळेल.