राड कुठे चित्रित करावी? पार्श्वभूमीच्या निवडीचा शंभर वर्षांचा इतिहास

१/ आषाढात तिकोणा पेठेभोवतीची भातखाचरे चिखलाने भरतात आणि वर वितंडगडाचा त्रिकोणी माथा ढगांत बुडतो. चिखल, पाणी, रंग यांची राड चित्रित करायला याहून उत्तम पार्श्वभूमी कोणती, असे कोणालाही वाटेल. पण या निवडीचा प्रश्न भारतीय चित्रपटाइतकाच जुना आहे. 🧵

२/ चित्रपटापूर्वी नाटकात नदी, अरण्य, राजवाडा हे सारे कापडी पडद्यावर रंगवलेले असे. ओल लागली की असा पडदा खराब होई. म्हणून रंगभूमीवर पूर आणि पाऊस बहुधा संवादांतून आणि पदांतूनच येत.

३/ १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांनी दादरच्या बंगल्यात सेट उभारले आणि बाह्यदृश्यांसाठी वांगणी गाठले. ढाल-तलवारी घेऊन आलेली ही मंडळी गावकऱ्यांना दरोडेखोर वाटली, असा किस्सा सांगितला जातो. स्नानाच्या दृश्यात मात्र खरे पाणी होते आणि त्यात स्त्रीवेषातील पुरुष नट ओल्या वस्त्रांनिशी उतरले.

४/ १९१९च्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. पाण्यातले युद्ध दाखवायचे, तर नुसता रंगवलेला पडदा पुरणार नव्हता. तिथे कॅमेऱ्याच्या युक्त्या लागल्या. जागा निवडणे म्हणजे देखावा शोधणे एवढेच नव्हे. ती जागा दृश्याचा मार सोसेल का, हेही पाहावे लागे.

५/ कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नाटकांचे पडदे रंगवूनच नावारूपाला आलेले. त्याच चित्रकाराने १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये राजवाड्याची शोभा बाजूला ठेवून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची झोपडी दाखवली. मातीची ती पार्श्वभूमी सजावट राहिली नाही. तीच कथा झाली.

६/ जवळचे उदाहरण २०१८च्या ‘तुंबाड’चे. वाडा सासवडचा, पाऊस अनेक पावसाळे थांबून मिळवलेला. पण हस्तरच्या भेटीची ती लाल, ओलसर, मांसल गुहा? तो सेट. जे निसर्ग देतो ते बाहेर टिपले. जे चिकट आणि डाग पाडणारे, ते घडवलेल्या जागेत.

७/ आता पुन्हा तिकोण्याकडे. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांच्या हवाली करावा लागलेला हा गड. वर पाण्याची टाकी आहेत, लेणे आहे, चुन्याची घाणी आहे. चुना रंग शोषतो. टाक्यात गेलेला चिकट द्राव पाण्यासकट टाके बिघडवतो. सेट धुता येतो, मोडून नव्याने उभारता येतो. टाके आणि लेणे पुन्हा घडवता येत नाही.

८/ फाळके, पेंटर आणि ‘तुंबाड’ यांच्यातून निघणारा धडा साधा आहे: गड दुरून चौकटीत घ्यावा, राड मात्र अशा जागी करावी, जी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभारता येईल.