वाट पाहण्याच्या कामाची कुळकथा

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे जुने नाव पार्थपूर, असे अभ्यासक मानतात. त्या पार्थपुरात इ.स. १५०३ च्या सुमारास ज्ञानराज या ज्योतिष्याने ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ रचला. ग्रहगणिताबरोबर त्यात यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर १५३८ साली आणि ‘लीलावती’वर १५४१ साली टीका लिहिली. संगणकाच्या पडद्यावर आज जो टायमर चालतो, त्याची कुळकथा सांगायची तर अशाच एखाद्या ज्योतिष्याच्या घरातून सुरुवात करावी लागते.

त्या काळी वेळ मोजण्याचे नित्याचे साधन म्हणजे घटिकापात्र. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. छिद्रातून पाणी आत शिरते आणि ठरल्या वेळी वाटी बुडते. सूर्यसिद्धांताप्रमाणे ती अहोरात्रात ६० वेळा बुडायला हवी, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. लग्नघरी एकजण घटिकेवर नजर ठेवून बसे. बाकीची मंडळी देवक, रुखवत, मानपान यांत गुंतलेली. घटका भरल्याची वर्दी आली की सगळे मांडवात जमत. वेळ कळणे हा या व्यवस्थेचा एक लाभ. त्याहून मोठा लाभ असा की, एकाने वाट पाहिली म्हणून बाकीच्यांचे हात मोकळे राहिले.

ही व्यवस्था कुठे मोडते, तेही लीलावतीच्या आख्यायिकेत आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजी या कवीने १५८७ साली ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते. लग्नाच्या दिवशी भास्कराचार्यांची मुलगी लीलावती कुतूहलाने पात्रावर वाकते, तिच्या पोशाखातला मोती वाटीत पडतो आणि छिद्र बुजते. वाटी बुडत नाही, वर्दी येत नाही, मुहूर्त टळतो. कथा खरी असो वा नसो, इशारा खरा आहे: ज्याच्यावर वाट पाहण्याचे काम सोपवले, तोच अडकला तर सगळ्यांचेच काम अडते.

पहिल्या संगणकांकडे असा घटिकेवर बसणारा कुणी नव्हता; ते स्वतःच वाट पाहत. छपाईयंत्राला काम दिले की ‘झाले का?’ असे पुन्हा पुन्हा विचारत बसायचे आणि तोवर दुसरे काही करायचे नाही. १९५० च्या दशकात यावर उपाय निघाला तो इंटरप्ट. यंत्राचे काम संपले की तेच संगणकाला खूण करील आणि संगणक हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून तिकडे पाहील. डच संगणकतज्ज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी एक्स-१ या संगणकासाठी ही खूण हाताळण्याची पद्धत बसवली आणि १९५९ च्या प्रबंधात ती मांडली. १९६१ साली एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने एकाच संगणकावर अनेकांना आळीपाळीने काम करू देणारी प्रणाली दाखवली. ठरावीक वेळाने खूण करणारे घड्याळ नसते, तर एका माणसाच्या प्रोग्रामकडून यंत्र काढून दुसऱ्याला देताच आले नसते. टायमर आता संगणकाच्या कारभाराचा कणा झाला.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हे घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ वेळा खूण करी. या विचित्र आकड्याचे मूळ अमेरिकी रंगीत टीव्हीत आहे. टीव्हीच्या रंगसंकेताशी जुळणारे १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचे स्फटिक पीसीत बसवले होते. त्या वारंवारितेला १२ ने आणि मग ६५,५३६ ने भागले की १८.२ उरतात. दोन खुणांमध्ये जेमतेम ५५ मिलिसेकंद. पुढे जुन्या विंडोजमधले टायमरही याहून बारीक वेळ मोजू शकत नसत.

खिडक्या आणि माउस आले तसे वाट पाहणे आणखी अवघड झाले. झेरॉक्सचा आल्टो १९७३ चा, मॅकिंटॉश १९८४ चा, विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ ची. पडद्यासमोरचा माणूस केव्हा काय करील याचा नेम नाही. म्हणून प्रोग्रामच्या मध्यभागी एक फेरा फिरत ठेवला. माउसची टिचकी, कळ, खिडकी पुन्हा रंगवण्याची गरज हे सगळे निरोप रांगेत येतात, फेरा एकेक निरोप उचलतो आणि निकालात काढतो. टायमरचाही निरोप याच रांगेतून मिळतो. विंडोजमध्ये तर त्याचा मान शेवटचा, बाकीचे निरोप संपल्यावर. म्हणून एखाद्या निरोपावर प्रोग्राम पाच सेकंद घालवत बसला, तर टायमर तितकाच उशिरा येतो, बटणे दाबली जात नाहीत आणि खिडकी गोठते. अशा वेळी विंडोज वर्षानुवर्षे वाळूचे घड्याळ दाखवत असे, मॅकिंटॉश मनगटी घड्याळ.

थोडक्यात आटोपणारे काम टायमरने ठरावीक वेळाने करावे, हे ठीक. लांबणाऱ्या कामाला मात्र दुसरा हात हवा, तो म्हणजे थ्रेड: एकाच प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा प्रवाह. १९९३ च्या विंडोज एनटीने थ्रेड घरोघरच्या पीसीपर्यंत येण्याची वाट मोकळी केली. १९९५ साली युनिक्स जगात त्यांचे पॉझिक्स मानक ठरले आणि त्याच वर्षी आलेल्या जावा भाषेत ते मुळातच होते.

दोन हात आले तसा वादही आला. एकच माहिती दोन थ्रेड एकदम बदलू लागले तर ती बिघडते, म्हणून कुलूप हवे. डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली सेमाफोर मांडला तो यासाठीच. एकेरी रूळमार्गावर टोकन हाती आल्याशिवाय चालक गाडी पुढे काढत नसे, तसेच हे. पण पडद्याच्या बाबतीत कुलपेही पुरली नाहीत. जावाच्या घडणीत असलेले ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ साली याचे कारण नेमके सांगितले. प्रोग्रामचे हुकूम वरून खाली जातात आणि माउस-कळांचे निरोप खालून वर येतात. दोघे उलट क्रमाने कुलपे घेतात, मधेच एकमेकांसाठी खोळंबतात आणि दोघेही कायमचे थांबतात. म्हणून खिडक्या-बटणे रचण्याचा संच स्विंग असो, क्यूटी असो की विंडोज फॉर्म्स, सगळीकडे एकच नियम स्थिरावला: पडद्याला हात लावायचा तो एकाच थ्रेडने.

आज परभणीतला एखादा विद्यार्थी जमिनीतली ओल दाखवणारा आणि मोटार चालू-बंद करणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिहायला घेतो. शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तेव्हा असा विषय सुचणे स्वाभाविकच. संवेदकाचे वाचन मुख्य फेऱ्यातच केले, तर उत्तर येईपर्यंत खिडकी गोठेल. वाचन वेगळ्या थ्रेडकडे द्यावे. त्याने आकडा रांगेत टाकावा, पडद्याला शिवू नये. टीकेइंटर या पायथनच्या खिडक्या-बटणांच्या संचातल्या ‘आफ्टर’ या सोयीने मुख्य फेऱ्याने दर २०० मिलिसेकंदांनी रांग पाहावी, काही असेल तर दाखवावे आणि लगेच मोकळे व्हावे. किती वेळ उत्तर आले नाही तर संवेदक बंद समजायचा, ती मुदतही आधीच ठरवावी, कारण वाट पाहणारा अडकू शकतो.

एवढी शिस्त पाळली की तार तुटली, संवेदक गप्प झाला, तरी मोटार बंद करण्याचे बटण दाबताक्षणी चालते. यंत्राने माणसाला ताटकळत ठेवू नये, हे वाट पाहण्याचे काम दुसऱ्यावर सोपवण्यामागचे खरे कारण आहे, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याची पहिली जबाबदारीही तीच.